बंद म्हणजे काय

कागदावर दोनच वाक्यं होती. 'प्रणालीत कोणताही दोष आढळला नाही. मेकॅनिकने चुकीचा पर्याय निवडला.' खाली सहीसाठी ठिपक्यांची रेघ आणि रेघेखाली तिचा हुद्दा. मास्तरणीनं कागद वाचला, उलटून पाठीमागे काही आहे का ते पाहिलं आणि परत टेबलावर ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आवाज अजून जागेवर होता.

"हे कुणी लिहिलं?"

"आपल्या सल्लागारांनी," संचालक म्हणाले. "दुपारी लिफ्ट खात्याचे तपासनीस येतायत. त्याआधी तुमची सही झालेली बरी. औपचारिकता आहे, बाकी काही नाही."

शेजारी बसलेल्या सल्लागारानं मान डोलावली. त्याचे बूट इतके चकचकीत होते की हा माणूस लिफ्टच्या मशीन रूममध्ये एकदाही चढलेला नाही, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

ज्या मेकॅनिकच्या डोक्यावर खापर फुटणार होतं, तो मास्तरणीचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता, आणि घरातला पंखा उघडून परत जोडता न आल्यामुळे आईची बोलणी खात होता. आता लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या ह्या कंपनीत त्याला सगळे 'पाना' म्हणत, कारण खिशातून पान्याची मूठ डोकावत नाही असं त्याला कुणी पाहिलंच नव्हतं. तो आत्ता बाहेर बाकावर बसला होता. आज त्याचा खिसा रिकामा होता. हत्यारांची पिशवी सकाळीच जमा करून घेतली होती.

"घरचा माणूस आहे, तुम्हाला अवघड जातंय, हे मी समजू शकतो," संचालक म्हणाले.

"घरचा आहे म्हणून नाही जात अवघड," मास्तरीण म्हणाली. "खोटं आहे म्हणून जातंय."

तिचं 'मास्तरीण' हे नाव मेकॅनिक मंडळींनीच ठेवलं होतं आणि ते बिनधास्त तिच्या तोंडावर म्हणत. ती कुणाला शिकवत नसे. कंपनीचं सॉफ्टवेअर लिहीत असे. पण कुणी धावत येऊन "ती कोपऱ्यावरची लिफ्ट बंद आहे" म्हणालं, की ती हातातलं काम थांबवून विचारायची, "बंद म्हणजे? लिफ्ट बंद की तक्रार बंद?" समोरचा घाईत असेल तर आणखीच शांतपणे विचारायची. लोकांना तिडीक यायची. पण तिचं म्हणणं चूक नव्हतं. लिफ्ट बंद पडली की तक्रार चालू होते. लिफ्ट चालू झाली की तक्रार बंद होते. एकाच सकाळी, एकाच लिफ्टबद्दल एक जण 'चालू' म्हणतो, दुसरा 'बंद' म्हणतो, आणि दोघेही खरं बोलत असतात. "आणि माणूसच चालू असला तर, मास्तरीणबाई?" असं एका मेकॅनिकनं विचारलं होतं. "त्याच्यासाठी रकाना ठेवलेला नाही," ती म्हणाली होती. "वरच्या लोकांना वाईट वाटेल."

कंपनी सुरू केली ती मोठ्या साहेबांनी. संचालक म्हणजे त्यांचे जावई, पाठीमागे सगळे त्यांना 'जावईबापू'च म्हणत. मोठे साहेब स्वतः मेकॅनिक होते. सॉफ्टवेअर बांधायला घेतलं तेव्हा त्यांनी मास्तरणीला आधी महिनाभर मेकॅनिकांबरोबर हिंडवलं, मग समोर बसवून विचारलं, "आज आपण दुरुस्ती करतो. उद्या काय करू ते मला माहीत नाही. तुझं हे उद्याला पुरेल का?" तिनं ते वाढत्या अंगाचं शिवलं. लिफ्टचं जगणं वेगळं, तक्रारीचं वेगळं, ह्या दोन गोष्टी तिनं कधी एकत्र होऊ दिल्या नाहीत. लिफ्ट 'धावते' किंवा 'थांबली'. तक्रार 'उघडी' किंवा 'मिटली'. 'चालू' आणि 'बंद' ह्या शब्दांना तिनं दारातच अडवलं होतं.

मग धंदा बदलत गेला. दुरुस्तीवरून वर्षाच्या देखभालीवर आला, देखभालीत दुकानांचे सरकते जिने आले, सरकारी तपासण्या आल्या, एका इमारतीला चार मालक आले. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं की आता हे सॉफ्टवेअर मोडीत काढावं लागणार, आणि प्रत्येक वेळी मास्तरणीनं शिवण थोडी उसवून जागा करून दिली. खालचं कापड तेच राहिलं. ते बदलत आलं म्हणून तर टिकलं होतं. पण जावईबापू आले आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत त्याला 'जुनाट' म्हटलं. तिला तेव्हाच राग आला होता, पण नव्या माणसाला चार दिवस द्यावेत म्हणून ती गप्प बसली.

सल्लागार आला आणि त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. मेकॅनिकला फोनवर दोन वेळा स्थिती भरावी लागते, एकदा लिफ्टची आणि एकदा तक्रारीची. वेळ जातो. त्यात तथ्य होतं, घरी जेवताना पानाच कुरकुरायचा, "वहिनी, तुझ्या त्या दोन खिडक्यांनी जीव खाल्लाय." मास्तरीण म्हणाली, एकाच पानावर दोन्ही आणू, एक भरली की दुसरीबद्दल आपोआप विचारू, थोडे दिवस द्या. दिवस द्यायला कुणाला वेळ नव्हता. सल्लागारानं दोन्ही खिडक्यांची मिळून एक केली. नाव दिलं 'स्थिती'. आणि खाली दोन बटणं. चालू. बंद.

"कशाची स्थिती?" तिनं विचारलं होतं.

"मास्तरीणबाई, इथे व्याकरणाचा तास नाहीये," जावईबापू म्हणाले होते, आणि सगळी बैठक हसली होती. हसणाऱ्यांत असेही होते ज्यांना तिचं म्हणणं पटलं होतं, आणि त्यांचाच तिला जास्त राग आला. निदान हसू तरी नका, एवढी साधी अपेक्षा होती तिची.

बटणावर 'बंद' असलं तरी आत, सॉफ्टवेअरच्या पोटात, त्याचा एकच अर्थ ठेवला होता, तक्रार बंद. दोन-तीन वर्षं त्यावाचून काही अडलं नाही. मेकॅनिक काम संपवून 'बंद' दाबायचे, तक्रार बंद व्हायची. लिफ्ट खरोखर थांबवायची असेल तर माणूस वर मशीन रूममध्ये जाऊन मुख्य स्विच पाडायचा, त्याला फोनची गरजच नव्हती.

मग प्रत्येक लिफ्टला एकेक पेटी बसली. लिफ्ट कशी चालली आहे हे आता ऑफिसात बसून दिसणार होतं, इतकंच नाही तर ती इथूनच सुरूही करता येणार होती. जावईबापूंना ह्या पेटीचं कोण कौतुक. मुख्य स्विच पाडला की पेटीही मुकी होते, म्हणून त्यांनी फर्मान काढलं, 'लिफ्ट थांबवायची असल्यास मुख्य स्विच पाडू नये, फोनवरून बंद करावी.' आणि त्याच आठवड्यात सल्लागारानं आणखी एक सोय केली. तक्रार बंद झाली, म्हणजे दुरुस्ती झाली, म्हणजे पेटीनं लिफ्ट आपोआप सुरू करावी. लिफ्ट थांबवण्याचं खरं बटण त्याच फोनमध्ये होतं, पण दुसऱ्या पानावर, तळाशी, 'इतर सेवा' ह्या नावाखाली. तिथं कोण कशाला जाईल?

बाकी काय व्हायचं ते झालं. सहा मजल्यांच्या एका इमारतीत लिफ्टचा ब्रेक झिजला होता. मजल्यावर थांबल्यावर केबिन हळूच वीतभर खाली सरकत होती. पानानं लिफ्ट तपासणीपुरती थांबवून पाहिलं, सुटा भाग गोदामातून आणावा लागणार होता. त्यानं फर्मानाप्रमाणे मुख्य स्विचला हात लावला नाही. फोन काढला, 'बंद' दाबलं, केबिन जागच्या जागी उभी आहे हे पाहिलं, तळमजल्यावर पाटी लावली आणि गोदामाकडे गेला. त्याच्या लेखी लिफ्ट बंद होती. सॉफ्टवेअरच्या लेखी तक्रार बंद झाली होती. पेटीनं लिफ्ट सुरू केली.

सहाव्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहते. खालची पाटी तिला वर कुठून दिसणार? तिनं बटण दाबलं, दिवा लागला, दार उघडलं. ती पाऊल आत टाकत असतानाच केबिन सरकली आणि ती आडवी पडली. घोट्याचं हाड मोडलं. ज्या पायानं ती शिलाई मशीन चालवते, त्याच पायाचं. पाना खांद्यावर ब्रेकचा भाग घेऊन परत आला तेव्हा दाराशी गर्दी होती.

तेव्हापासून तो धड जेवला नव्हता. काल संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाला, "वहिनी, मीच चुकलो असेन. घाईत होतो. दुसरं पान बघायला पाहिजे होतं." मास्तरणीच्या हातातलं पातेलं ओट्यावर जरा जोरातच आपटलं. तिला शिंपीणबाईबद्दल वाईट वाटत होतं, दिराची काळजी होती, पण ह्या सगळ्यांच्या वर तिला संताप आला होता तो ह्याचा, की इतकी वर्षं लोखंडाशी प्रामाणिक राहिलेल्या माणसाला ह्या लोकांनी स्वतःच्याच हातावर शंका घ्यायला लावली होती. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. एकदा हाताला शंका शिकवली की तो मेकॅनिक राहत नाही.

तर आता तो कागद समोर होता.

"मी सही करणार नाही," मास्तरीण म्हणाली. "बटण एक, अर्थ दोन. तुमच्या फर्मानात 'बंद करावी' असं आहे. त्यानं बंद केली."

"त्याला प्रशिक्षण दिलं होतं," सल्लागार म्हणाला. "बंद म्हणजे तक्रार बंद, हे सांगितलेलं होतं."

"मग फर्मानात बंद म्हणजे काय?"

"ते संदर्भावरून कळतं."

"संदर्भावरून," ती म्हणाली. "लिफ्टला संदर्भ कळतो का?"

जावईबापूंनी घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम, शब्दांचा कीस काढू नका. सोप्पा शब्द आहे. बंद म्हणजे बंद, हे लहान पोरालाही कळतं. ज्याला कळलं नाही त्याच्यावर कारवाई होणारच. तुम्ही सही नाही केलीत तर मी करतो, पण मग तुमचाही विचार करावा लागेल."

ती उठली. त्या पेटीची ती सोय, जिच्यामुळे हे सगळं झालं, ती अजूनही तशीच धावत होती. अपघाताला आठवडा होत आला होता, कागद लिहायला ह्यांना वेळ मिळाला होता, आणि ती सोय काढायला मिळाला नव्हता. आत्ता ह्या क्षणी दुसरा कुठला तरी मेकॅनिक दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीत सरळ मनानं 'बंद' दाबत असेल. हे डोक्यात आलं आणि तिची सहनशक्तीच संपली.

ऑफिसच्या टोकाला एक मोठी खोली होती, तिला सगळे 'पडदा' म्हणत, कारण भिंतभर पडद्यावर सगळ्या लिफ्टचे दिवे दिसत. तिथं एक मुलगी फोन घेत बसलेली असे. मास्तरीण तिच्या शेजारच्या यंत्रावर बसली, आत शिरली आणि ती आपोआप सुरू करण्याची सोय मुळातून काढून टाकली. ह्यापुढे थांबलेली लिफ्ट सुरू करायची तर माणसानं तिच्यापर्यंत चालत जायचं. संचालकांची परवानगी लागत होती. ती घेतली नाही.

"काय केलंत हो?" मुलीनं विचारलं.

"बंद केलं," मास्तरीण म्हणाली. "संचालकांना कळव, मी बंद केलंय म्हणून." आणि ती रागारागानं पाणी प्यायला गेली.

ग्लास अर्धा झाला असेल नसेल, तोच बाहेर धावपळ ऐकू आली. जावईबापू केबिनमधून अक्षरशः धावत आले होते. मागून सल्लागार, आणि त्याच्या मागून एक जाडजूड, शांत गृहस्थ, हातात चष्म्याचं घर आणि तो बिनसहीचा कागद घेऊन. तपासनीस जरा लवकरच आले होते.

"बंद केल्या?" जावईबापू पडद्यासमोर उभे राहून म्हणाले. चेहरा पांढराफटक. "सगळ्या? अहो, त्यात दोन हॉस्पिटलं आहेत. किती लोक अडकलेत? चालू करा, आधी सगळ्या चालू करा."

"चालूच आहेत, साहेब," मुलगी गडबडून म्हणाली.

"मग बंद काय आहे?"

"चालू करायचं बंद आहे."

"म्हणजे चालू होत नाहीयेत?"

"नाही साहेब, ज्या चालू आहेत त्या चालू आहेत. ज्या बंद आहेत त्या आता चालू होणं बंद झालंय."

"अगं काय बोलतेयस तू?" जावईबापू मागे वळले. दारात मास्तरीण ग्लास घेऊन उभी होती. "मॅडम, काय केलंत तुम्ही? बंद केलं म्हणजे काय? नक्की काय बंद केलंत?"

मास्तरीण उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. आयुष्यभर ज्या शब्दावरून तिनं लोकांना छळलं, तो आज तिच्याच तोंडून मोकाट सुटला होता. कशाचं बंद ते तिनं सांगितलंच नव्हतं. रागात सुचलंच नव्हतं. आणि समोर हा माणूस, ज्याच्यासाठी हा सोप्पा शब्द होता, घामाघूम होऊन उभा होता.

"लिफ्ट सगळ्या धावतायत," ती सावकाश म्हणाली. "आपोआप सुरू करण्याची सोय मी काढून टाकली. विचारलं नाही, ती चूक माझी, त्याची काय ती कारवाई करा. पण तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं लिफ्टच बंद केल्यात."

"का वाटलं?"

"का म्हणजे? तुम्ही बंद म्हणालात. आपल्याकडे बंद म्हणजे..." आणि जावईबापू थांबले.

पडद्यावर दिवे लुकलुकत होते. सल्लागार आपले चकचकीत बूट बघत होता.

"बंद म्हणजे लिफ्ट बंद," मास्तरीण म्हणाली. "तुम्हाला जे वाटलं, तेच माझ्या दिराला वाटलं. तुम्ही घाबरून धावत आलात म्हणून निदान विचारलंत तरी. त्यानं कुणाला विचारायचं होतं, साहेब? बटणाला?" आता मात्र तिचा आवाज जाग्यावर राहिला नव्हता. "तीन वर्षांपूर्वी मी हेच विचारलं तेव्हा तुम्ही सगळे हसलात. एका बाईचा पाय मोडल्यावर आज तुम्ही तोच प्रश्न मला विचारताय, आणि तो बाहेर बाकावर बसून समजतोय की चूक त्याची आहे."

तपासनीसांनी चष्मा लावला. "मला ते बटण दाखवाल का?" ते म्हणाले. मुलीनं फोन पुढे केला. त्यांनी पाहिलं, दुसरं पान पाहिलं, तळाशी जाऊन 'इतर सेवा' पाहिली, मग परत पहिल्या पानावर आले. "हे कुणी ठरवलं?" सल्लागारानं जावईबापूंकडे पाहिलं, जावईबापूंनी सल्लागाराकडे. तपासनीस म्हणाले, "बरं. तो सहीचा कागद राहू दे. त्या मेकॅनिकला कामावर ठेवा, मला लिफ्ट दाखवायला तोच लागेल. आणि बाईंनी काढलंय ते काढलेलंच राहू दे."

जावईबापूंनी रुमालानं कपाळ टिपलं. "मग हे प्रकरण आपण इथेच बंद..." म्हणत म्हणत ते पुन्हा अडखळले, आणि शब्द न सापडून त्यांनी नुसता हात हलवला.

पाना बाकावर होता तसाच बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. मास्तरणीनं गोदामातून सोडवून आणलेली त्याची पिशवी त्याच्या पायाशी ठेवली. त्यानं आधी पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मिटलं, वहिनी?"

तो जुना शब्द त्याच्या तोंडून ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलेलं त्याला दिसू नये म्हणून ती पिशवीचा बंद आवळत बसली.

"तुझं मिटलं," ती म्हणाली. "तिचं कुठं मिटलंय? बाई सहाव्या मजल्यावर पाय वर करून बसलीय, आणि लिफ्ट थांबलेली. खाली यायचं तर तिला उचलून आणावं लागेल. तो ब्रेकचा भाग कुठाय?"

"गोदामात. परत घेतला होता माझ्याकडून."

"घे चल. मीही येते."

"तू कशाला? सहा मजले आहेत. जिन्यानं चढावं लागेल."

"माहितीये," मास्तरीण म्हणाली आणि चपला घालायला लागली.

पानानं पिशवी उघडली, पाना काढला, हातात एकदा फिरवून बघितला आणि खिशात खोचला.